वेलीसाठी मनोरा : भाचीस पत्र

वारणानगर,
फाल्गुन वद्य पंचमी.

चि. सौ. ताईस,

तुझे पत्र आणि त्यासोबत मासिकातून कापून पाठविलेले चित्र पावले. वारणेच्या पलीकडच्या तीरावर, वाळवा तालुक्याच्या हद्दीत, तुम्ही मळ्यातच जे नवे घर बांधलेत त्याच्या दारापुढील चौकात चित्रातल्यासारखा निमुळता लाकडी मनोरा उभारून त्यावर वेल चढवावी, असा तुझा मानस आहे. आणि सुतारास सांगावा धाडण्यापूर्वी हे काम आपल्याच हातून होण्याजोगे आहे किंवा कसे, अशी तुझी पृच्छा आहे. होण्याजोगे आहे. करवत सरळ चालवता आली, खिळा वाकडा न जाता ठोकता आला आणि मापाच्या बाबतीत दिरंगाई व अंदाजपंची या दोन्हींना फाटा दिला, तर चार-सहा सुट्यांच्या दिवसांत ते पुरे होईल. मात्र पत्राच्या अखेरीस, 'वेल कोणती लावायची ते मागाहून ठरवू', असे जे वाक्य तू सहज लिहून गेलीस त्याची दखल प्रथम घेणे मला भाग आहे. मनोरा वेलीसाठी आहे, आणि तो कसा करावा हे सांगण्याचा अधिकार चित्राचा नसून वेलीचा आहे.

वेलींचे चढणे एकाच प्रकारचे नसते. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असता कुंडीतल्या हॉपच्या वेलीचा शेंडा आधाराच्या शोधात कसा वर्तुळाकार फिरत राहतो, हे तासन् तास न्याहाळीत असे. अशा निरीक्षणांतून त्याने वेलींच्या हालचालींवर जो प्रबंध सिद्ध केला, तो लंडनच्या लिनिअन सोसायटीने १८६५ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे १८७५ मध्ये तो स्वतंत्र ग्रंथरूपाने आला. त्याने केलेली वर्गवारी तुला आपल्या परसात पडताळून पाहता येईल. गोकर्ण, घेवडा, गारवेल यांचे खोडच आधाराला वेढे घालीत वर जाते. कारले, दोडका, तोंडले, कृष्णकमळ यांना तणावे असतात आणि ते बारीक काडीला, दोरीला कवळा घालतात. पानवेल पेऱ्यापेऱ्यास मुळ्या फोडून आधाराला चिकटते. जाई, बोगनवेल या वेली वरीलपैकी काहीच धडपणे करीत नाहीत. त्या नुसत्या रेलतात आणि त्यांना माणसाने बांधावे लागते. वेढे घालणाऱ्या वेलीचा फिरण्याचा रोखही जन्मजात ठरलेला असतो. कोनफळ आणि कडू कारंदा हे एकाच कुळातले कंद, पण त्यांचे वेल एकमेकांच्या उलट दिशेने वळतात. तेव्हा शेंडा बळेच दुसऱ्या बाजूने गुंडाळून 'चढव' म्हणण्यात अर्थ नाही, रात्रीतून तो सुटून आलेला दिसेल.

यातून तुझ्या मनोऱ्यापुरता निष्कर्ष असा की, त्याचे चार पाय कितीही डौलदार झाले तरी तणाव्याच्या उपयोगाचे नाहीत. दीड इंच जाडीच्या चौकोनी लाकडाला कारल्याचा तणावा कवळा घालू शकत नाही. चढण्याचे खरे काम आडव्या बारीक रिपांवर आणि त्यांच्यामधून ताणलेल्या काथ्यावर होणार. लाकडाने फक्त तो काथ्या ताठ धरायचा. पहिल्या वर्षी गोकर्ण लावावी असे मी सुचवितो. ती सात फूट सहज जाते, खोड फार जाड करीत नाही आणि आपल्याकडील पावसाला कुरकुरत नाही. कृष्णकमळ देखणे खरे, पण त्याची वाढ आडदांड आहे. छाटणीत हयगय करणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. मधुमालतीचा तर विचारही नको. तिची लाकडी खोडे मनोऱ्याला चिरडून त्याच्या जागी आपणच उभी राहतील.

चित्रातल्या आकाराविषयी तू कुतूहल दाखविलेस म्हणून थोडे सांगतो. चार कोनांचा, वर निमुळता होत जाऊन टोकाशी छोट्या पिरॅमिडने संपणारा हा स्तंभ मूळचा मिसर देशाचा, आणि तिकडे तो अखंड पाषाणाचा असे. अस्वानच्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा एक स्तंभ घडविता घडविता तडकला, म्हणून कारागिरांनी तो तसाच सोडून दिला. आजही तो तेथे पडून आहे. लक्सरचा एक स्तंभ १८३६ साली पॅरिसच्या चौकात उभा राहिला. आपल्या प्रांतात याच घाटाचा दगडी स्तंभ कोरेगाव भीमा येथे १८१८ च्या लढाईची खूण म्हणून उभा आहे. विलायती बागवानांनी तोच घाट लाकडाच्या सांगाड्यात उतरवून त्यावर वेली सोडल्या. पण त्यासाठी मिसरापर्यंत जाण्याचे तुला प्रयोजन नाही. येत्या चैत्र पौर्णिमेला तू जोतिबाच्या डोंगरावर येशीलच, तेव्हा दोन गोष्टी सुताराच्या नजरेने पाहा. मंदिराच्या आवारातली दीपमाळ रुंद बुडावर आपल्याच भाराने उभी असते. सासनकाठी तिच्याहून सडपातळ, परंतु ती एका माणसाने पेललेली आणि चहूबाजूंनी दोरांनी सावरलेली असते. दोर सैल पडले की तिचा तोल गेलाच. तुझ्या मनोऱ्यापाशी दीपमाळेचा भार नाही आणि सासनकाठीचे दोरही नाहीत, तेव्हा त्याला जमिनीखालीच धरून ठेवण्याची तजवीज केली पाहिजे. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा आणि झड एकत्र आली म्हणजे उभा आडसाली ऊस कसा लोळतो, हे उसाच्या मुलखात राहून तुला निराळे सांगायला नको. पानांनी गच्च भरलेला, पाण्याने जड झालेला मनोरा त्याच वाऱ्यात उभा राहणार आहे. चैत्रात उघडा सांगाडा किती सुबक दिसतो यावरून त्याची परीक्षा करू नये.

आता तपशील. उंची सात फूट, बुडाशी रुंदी वीस इंच, माथ्याशी सहा इंच धर. ही मापे मी मुद्दाम अशी बसविली आहेत की रुंदी दर फुटास बरोबर दोन इंचांनी घटते, म्हणून दर फुटावर जी आडवी रीप येईल तिची लांबी खालून वर अठरा, सोळा, चौदा, बारा, दहा, आठ अशी उतरत जाते आणि हिशेबाचा कागद जवळ न बाळगताही काम चालते. पायांसाठी दीड इंच चौरस, रिपांसाठी एक इंच रुंद व अर्धा इंच जाड लाकूड पुरे. पाय दोन्ही अंगांनी आत कलतो, त्यामुळे त्याची खरी लांबी सात फुटांहून सुमारे अर्धा इंच अधिक भरते, आणि कललेल्या बाजूची मधली उभी रेषा पाव इंचाने अधिक येते. हा फरक क्षुल्लक वाटला तरी तो आधीच जमेस धरला नाही, तर चारही बुडे जमिनीला सारखी टेकणार नाहीत. पायाचे बूड आणि माथा कापताना तिरपेपणा हवा, त्यासाठी एका फळीवर काटकोनात बारा इंचांची आणि एक इंचाची रेघ काढून त्यांची टोके जोड. त्या तिरप्या रेघेवर गुण्याची पाती लावून जो कोन मिळेल तोच कायम ठेवून चारही पाय दोन्ही अंगांनी काप.

जोडणीचा शिरस्ता असा. ओसरीच्या फरशीवर खडूने एका बाजूची पूर्ण आकृती काढ. मधोमध उभी रेषा, बुडाशी तिच्या दोन्हीकडे दहा-दहा इंच आणि माथ्याशी तीन-तीन. त्या रेघांवर दोन पाय निजवून वरील मापांच्या सहा रिपा बाहेरच्या अंगाने ठोकल्या की एक शिडी तयार होते. तशीच दुसरी शिडी त्याच आकृतीवर कर, नव्याने मापे घेऊ नकोस. मग दोन्ही शिड्या समोरासमोर कुशीवर उभ्या करून उरलेल्या दोन बाजूंच्या रिपा बसव. येथे नवशिक्याची फसगत ठरलेली असते, म्हणून नीट वाच : या रिपांना आधीच्या रिपांच्या अर्ध्या-अर्ध्या इंच जाडीलाही झाकायचे असते, सबब त्या प्रत्येकी एक इंच अधिक लांब हव्यात, म्हणजे एकोणीस, सतरा, पंधरा या क्रमाने नऊपर्यंत. खिळ्यांऐवजी पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापर, आणि आधी गिरमिटाने बारीक भोक पाडून मगच ते पीळ. रिपेच्या टोकाशी थेट खिळा ठोकला की लाकूड फाकते. माथ्यावर आठ इंच चौरस फळी, वरून चारही बाजूंना उतार दिलेली, कळस म्हणून बसव. ती शोभेसाठी नसून पायांच्या उघड्या टोकांतून पावसाचे पाणी आत मुरू नये यासाठी आहे. शोभा आपोआप येते.

लाकूड एकंदर अर्ध्या घनफुटाहून किंचित अधिक लागेल. कापातली नासधूस धरून पाऊण घनफूट माग. बांधावरचे सागाचे झाड एवढ्यासाठी पाडण्याची कल्पना पाहुण्यांनी काढलीच तर ती तेथेच मोड. झाडे तोडण्याविषयीच्या १९६४ च्या कायद्यान्वये खाजगी जमिनीतल्या सागालाही परवाना लागतो, आणि हिरवे लाकूड वाळताना पिळवटते ते वेगळेच. जुन्या वाड्याच्या पाडकामातले सागवान कोणी विकत असेल तर ते सर्वोत्तम, कारण त्याचे सुकणे, वाकणे, तडकणे सारे केव्हाच होऊन गेलेले असते. नाहीतर वखारीतून अंतःकाष्ठाचे, गडद रंगाचे तुकडे निवडून घे. कडेचे फिकट रसकाष्ठ स्वस्तात मिळाले तरी वाळवीच्या भक्ष्यासाठी पैसे मोजण्यात हशील नाही. बाभूळ चिवट व बळकट. गुऱ्हाळाचे जुने लाकडी चरक आणि बैलगाडीची चाके तिच्यावरच निभावत. परंतु ती हाताच्या रंध्याला दाद देत नाही, तेव्हा तुझ्या पहिल्या कामासाठी ती मी सुचवीत नाही. केवळ एका हंगामाच्या दोडक्या-कारल्यासाठी आधार हवा असेल तर हा सारा खटाटोप फाजील आहे; मेसकाठीचे तीन दांडे माथ्याशी बांधले की काम भागते, आणि मी स्वतः भाजीसाठी तेच करतो.

पायांच्या बंदोबस्ताकडे सर्वाधिक लक्ष दे. नदीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते; तिच्यात नुसते पाय गाडले तर दोन वर्षांत मनोरा कलेल आणि गाडलेला भाग कुजेल. चार कोपऱ्यांशी दीड-दोन फूट खोल खड्डे घे, मुरूम लागला तर तेथे थांब, तळाशी खडी-मुरूम धुमसून वर काँक्रीट भर आणि ते ओले असतानाच प्रत्येकात एक जाड लोखंडी पट्टी उभी रोव. मनोऱ्याचे पाय या पट्ट्यांना बोल्टांनी आवळायचे, ते असे की लाकडाचे बूड जमिनीपासून दोन इंच वर राहील. पट्ट्या बसविण्यापूर्वी सांगाडा प्रत्यक्ष ठेवून ओळंब्याने पाहा. काँक्रीट आवळल्यावर पट्टी हलविता येत नाही, आणि वाकडा मनोरा वेलीने झाकला तरी वाकडाच दिसतो. बुडाच्या कापलेल्या टोकांना उकळलेले जवसाचे तेल दोन-तीन वेळा, मुरेल तितके पाज. बाकी लाकडालाही तेलच लाव. हिरवा रंग देऊ नकोस. पानांच्या हिरव्याशी डब्यातला हिरवा कधीच मिळत नाही आणि खपल्या निघू लागल्या की वेल न उतरविता तो पुन्हा देताही येत नाही.

काथ्या प्रत्येक बाजूस दोन ओळींनी, बुडाच्या रिपेपासून माथ्यापर्यंत ताण. सुतळी एका पावसाळ्यात कुजते, काथ्या अधिक टिकतो. वेल मृगाच्या सरी पडून जमीन मऊ झाली की पायापासून वीतभर अंतरावर लाव आणि शेंडा सरळ वर जाऊ देण्याऐवजी तिच्या स्वाभाविक रोखाने मनोऱ्याभोवती तिरपा फिरवीत ने. सरळ गेलेली वेल सारा जोर टोकाला लावते, फुले माथ्यावर आणि खाली नुसती लाकडे. आडव्या कललेल्या खोडाच्या डोळ्या-डोळ्यांतून फांद्या फुटतात. तासगावचा द्राक्षबागाईतदार खोड मांडवापर्यंत नेल्यावर त्याचे ओलांडे आडवे का धरतो, याचे कारण हेच. मिरज तालुक्यातल्या पानमळ्यात याहून निराळी रीत आहे. तेथे शेवरी, पांगारा अशा जिवंत झाडांवर वेल चढवितात, ती लव्हाळ्याने बांधतात आणि उंच गेली की उतरवून खोडाचा काही भाग पुन्हा मातीत पुरतात. वाढणाऱ्या आधाराशी वाढणाऱ्या वेलीचे कसे जमवून घ्यावे, हे तिथल्या पानमळेकऱ्यांइतके कोणास ठाऊक नसेल. पुढेमागे तिकडे जाणे झाले तर अवश्य पाहून ये.

सालोसाल मृगापूर्वी एकदा बोल्ट आवळून पाहणे, तेलाचा एक हात देणे आणि तुटका काथ्या बदलणे, एवढा जाबता पुरेसा आहे. चौकातील जागेचे माप, विशेषतः भिंतीपासूनचे अंतर, मला कळव. दोन्हीकडून हात फिरेल इतकी, म्हणजे तीन फुटांची तरी मोकळीक हवी, कारण मागच्या अंगाची छाटणी करता येत नसेल तर मनोरा मी तुला चौकाच्या मध्यावर घ्यायला सांगेन. आकृतीचा कागद सोबत जोडला आहे. माझा जुना रंधा आणि लहान गुण्या यात्रेला येशील तेव्हा घेऊन जा. पातीला धार लावून ठेवतो. पाहुण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा