एकच खेळ, दोन आवृत्त्या

प्रश्न : घरी एकच कॉम्प्युटर आहे. मला 'एज ऑफ एम्पायर्स २'ची २०१३ची आवृत्ती आवडते, धाकट्या भावाला नवी 'डेफिनिटिव्ह एडिशन'. स्टीमवर दोन्ही आहेत, पण डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून नवीच सुरू होते. जुनी हवी तर नवी काढून टाकावी लागेल का?
– एक वाचक, उधना, सुरत

उत्तर : अजिबात नाही! डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे खेळ नव्हे, तो फक्त खेळाकडे नेणारा शॉर्टकट. २०१३ची आणि २०१९ची आवृत्ती स्टीमच्या लेखी दोन वेगळे खेळ आहेत. डिस्कवर जागा असेल तर दोन्ही सुखाने नांदतात.

स्टीमच्या लायब्ररीत जुन्या आवृत्तीच्या नावावर राइट क्लिक करा, 'मॅनेज'मध्ये जाऊन 'अ‍ॅड डेस्कटॉप शॉर्टकट' निवडा. नव्या आवृत्तीचा आयकॉन आहेच. गोंधळ टाळायला दोन्हींची नावं बदला : 'जुना' आणि 'नवा'. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहिलंत तर पत्त्याच्या शेवटी जुन्याचा क्रमांक २२१३८० आणि नव्याचा ८१३७८० दिसेल. तो मात्र बदलू नका. आवृत्ती त्यावरूनच ठरते.

शॉर्टकट डिलीट झाला तरी खेळ शाबूत राहतो. खेळच काढायचा असेल तर स्टीममधून अनइन्स्टॉल करा. जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेला डाव नव्या आवृत्तीत उघडत नाही, एवढं भावालाही सांगून ठेवा. आणि यासाठी कुठल्याही अनोळखी साइटवरून 'लाँचर' उतरवून घेऊ नका. त्याची गरजच नाही.