मागची तारीख

सातारा, रविवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा ताईचा फोन आला. मनू रात्री अकराला येते, नीट जेवत नाही, एवढंच म्हणाली. तिला काही माहीत नाही. पण माझ्या कानावर आठवडाभर आधीच दुसरं आलं होतं. तुमच्या ऑफिसात एका डीलरने ग्राहकाला न विचारता सौदे केले, कॉलचं रेकॉर्डिंग नाही, आणि आता त्या ग्राहकाकडून मागच्या तारखेचं पत्र घेऊन फाईल पुरी करायचं चाललं आहे. फाईलवर कम्प्लायन्स ऑफिसर म्हणून सही तुझी. मनू, तू सही केलीस का?

ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा सौद्याच्या आधी हाताशी हवा, हे सेबीने 2018 मध्येच स्पष्ट केलं. हे मी तुला सांगावं का? एनआयएसएमची परीक्षा तू पास झालीस. मग "सगळे ब्रोकर करतात" हे ऐकून तू गप्प कशी बसलीस?

तुझी कोंडी मला कळत नाही असं नाही. पगार शेठ देतो आणि त्याचीच चूक तातडीने, स्वतंत्रपणे सेबीला कळवायची जबाबदारी तुझ्यावर. ब्रोकरेज डीलर आणतो, म्हणून मीटिंगमध्ये त्याचा शब्द चालतो. इन्स्पेक्शन आलं की मात्र तुला पुढे करतात. त्यात डोंबिवलीच्या घराचा हप्ता. तरीही विचारतो, सही केलीस का?

कार्वीचं प्रकरण आठव. नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीचा आदेश आला तेव्हा लोकांना कळलं, की आपल्या नावाचे शेअर ब्रोकरने स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकलेत. एवढं होईपर्यंत त्या ऑफिसातून किती टेबलांवरून किती कागद गेले असतील! 2020 पासून गहाणाची पद्धत बदलली, शेअर आता ग्राहकाच्याच खात्यात राहतात. पण खोट्या तारखेचा कागद टेबलावर आला, तर त्याला अडवायला तिथे बसलेलं माणूसच लागतं.

मी अडवलं नव्हतं. हे ताईलाही ठाऊक नाही. 1991 साली फोर्टमधल्या एका ब्रोकरकडे मी बॅक ऑफिसला होतो. डिमॅट नव्हतं, सगळा व्यवहार सर्टिफिकेट आणि ट्रान्सफर डीडचा. एक निवृत्त शिक्षक दर शनिवारी यायचे. त्यांचे शेअर मालकाने एका फायनान्सरकडे ठेवले होते, मला माहीत होतं. मी म्हणायचो, "ट्रान्सफरला गेलेत, गुरुजी. कंपनीकडून यायचेत." ते मान डोलवून जायचे. पुढच्या वर्षी बाजार कोसळला, फायनान्सरने ते विकले. शेवटच्या शनिवारी गुरुजी आले तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. तुझे आजोबा आजारी होते, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. कारण खरं होतं, पण गुरुजींना त्याचा काय उपयोग?

म्हणून सांगतो, तोंडी "नाही" म्हणून थांबू नकोस. ईमेल कर. काय आढळलं, कुणाला कळवलं, कधी, सगळं लिही, आजचीच तारीख घाल. वर कुणी ऐकलं नाही तर एक्स्चेंजला आणि सेबीला कळव.

फार बोललो. लहानपणी दुकानदाराने दोन रुपये जास्त दिले, तर परत करायला उन्हात धावत गेलेली मुलगी तू; तुला हे लिहिताना माझाच हात जड झाला. नोकरी गेली तर घराचे सहा महिन्यांचे हप्ते मी भरीन. त्यासाठी एफडी मोडावी लागली तरी मामीची हरकत नाही, तिला विचारलंय.

शनिवारी रात्रीची एसटी धर. मामी थालीपीठ लावील. सही केली नसशील तर ये, आणि केली असशील तरी ये. आपण दोघं बसून सेबीला पत्र लिहू.

तुझा,
मामा