घरच्या छपरावरील वीज व तिचा हिशेब

मध्यवर्ती सरकारनें ता. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं ‘पीएम सूर्य घर : मोफत बिजली योजना’ जाहीर केली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस मंत्रिमंडळानें तीस ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. एक कोटी घरांच्या छपरांवर सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करणारी यंत्रणा बसवावी, असा तिचा उद्देश आहे. योजनेच्या नांवांत ‘मोफत’ हा शब्द असल्यानें व दरमहा ३०० युनिटांचा उल्लेख वारंवार झाल्यानें गांवोगांव असा समज झालेला दिसतो कीं, अर्ज केला म्हणजे सरकार ३०० युनिट वीज फुकट देणार. वस्तुस्थिति तशी नाहीं. सरकार साह्य करतें तें यंत्रणेच्या किंमतीस. वीज आपल्याच छपरावर उत्पन्न व्हावयाची असते, आणि ती किती होते व घरांत किती खर्ची पडते, यावर सारा लाभालाभ अवलंबून राहतो. यास्तव प्रथम घरच्या खर्चाचा विचार करूं.

१,००० वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आतां एका साधारण शेतकरी घराचें उदाहरण घ्या. ९ वॅटचे पांच एलईडी दिवे पांच तास जळले तर पाव युनिटही होत नाहीं. ७५ वॅटचे तीन पंखे रोज दहा तास फिरले तर सव्वादोन युनिट जातात. शीतकपाटास दिवसाकांठीं सुमारें एक युनिट, पाणी चढविण्याच्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपास तासाभरास अर्धा, आणि दूरदर्शन, मिक्सर व इस्त्री मिळून पाऊण युनिटाच्या आंत. ही बेरीज साडेचारपावणेपांच युनिट, म्हणजे महिन्यास सुमारें १४० युनिट होते. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, ज्या दिव्यांवरून घरोघर मुलांस रागें भरतात त्यांचा खर्च नगण्य असून निम्मी वीज पंखे खातात. नव्या पद्धतीचे, दुकानदार ज्यांस बीएलडीसी म्हणतात ते पंखे सुमारें ३० वॅटवर तितकाच वारा देतात. तिन्ही पंखे बदलले तर रोजचे सव्वा ते दीड युनिट, म्हणजे महिन्याचे ४० युनिट वांचून खर्च १०० युनिटांवर येतो.

या १०० च्या आंकड्यास विशेष महत्त्व आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढत जातो. पहिले १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० चा दर त्याहून पुष्कळ अधिक. पुढें ३०१ ते ५०० व त्यावरील टप्पे आणखी महाग. म्हणून वांचविलेला युनिट हा नेहमीं वरच्या, महाग टप्प्यांतला असतो. एकाच मीटरवर दोनतीन चुली चालणाऱ्या एकत्र कुटुंबांनीं तर आपलें बिल या दृष्टीनें अवश्य तपासावें.

आतां अनुदानाकडे वळूं. पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटास १८,००० रुपये, आणि त्यापुढें कितीही मोठी यंत्रणा बसविली तरी एकूण ७८,००० रुपयेच, असा नियम ठरला. पहिल्या दोन किलोवॅटांची पायाभूत किंमत दर किलोवॅटास ५०,००० व तिसऱ्याची ४५,००० धरून अनुक्रमें ६० व ४० टक्के साह्याचे हे आंकडे काढलेले आहेत. अनुदान ठराविक रुपयांत मिळतें, किंमतीच्या प्रमाणांत नव्हे. विक्रेत्यानें अधिक किंमत सांगितली तर तो अधिक भार सर्वस्वीं आपल्या अंगावर पडतो. म्हणून दोनतीन ठिकाणचे दर लेखी घेतल्याशिवाय शब्द देऊं नये. शिवाय ही रक्कम यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावर बँकेच्या खात्यांत जमा होते. तोंवर पैसा आपणच उभा करावयाचा असतो. त्यासाठीं ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्जाची सोय योजनेंत ठेवलेली आहे.

विक्रेते बहुधा ३ किलोवॅटचाच आग्रह धरतात, कारण पूर्ण ७८,००० चें आमिष दाखविणें सोपें असतें. येथेंच हिशेब करावा. आपल्याकडील उन्हांत एक किलोवॅटची यंत्रणा वर्षाच्या सरासरीनें रोज सुमारें ४ युनिट, म्हणजे महिन्यास ११० ते १२० युनिट देते. वर सांगितलेल्या १४० युनिटांच्या घरास एक किलोवॅट बसविला तर उरतात २०-३० युनिट, आणि तेही सर्वांत स्वस्त टप्प्यांतले. पंखे बदलले असतील तर तेवढेही उरत नाहींत. मग दुसऱ्या किलोवॅटास कामच राहत नाहीं, तिसऱ्याची गोष्ट दूरच. योजनेच्या मार्गदर्शनांतही १५० युनिटांपर्यंतच्या घरास १ ते २ किलोवॅट, व १५० ते ३०० च्या घरास २ ते ३ किलोवॅट पुरे, असें सांगितलें आहे.

जास्तीची वीज विकून पैसा मिळेल, असें कोणी म्हणतील. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत निव्वळ मोजणीची, म्हणजे नेट मीटरिंगची, पद्धत घालून दिली आहे. दुपारीं आपली वीज तारेंत जाते, रात्रीं आपण तारेंतून घेतों, व मीटर दोन्हींची नोंद करतो. शिल्लक युनिट पुढील महिन्यांत जमा होतात. परंतु ३१ मार्चला खातें बंद होतें, आणि त्या दिवशीं उरलेल्या युनिटांस मिळणारा दर आपण वरच्या टप्प्यास देतों त्याहून बराच कमी असतो. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. एप्रिल-मे मधील जादा उत्पन्न त्याच वर्षांतील जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतें. बिल शून्य होत नाहीं हेंही जाणून असावें, कारण स्थिर आकार द्यावाच लागतो.

आणखी एक भ्रम भारनियमनाविषयींचा आहे. तारेस जोडलेली साधी यंत्रणा तारेंतील वीज जातांच आपोआप बंद पडते. बिघाड दुरुस्त करणाऱ्या मनुष्यास आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसूं नये म्हणून ही योजना असते, व ती योग्यच आहे. परिणाम असा कीं, भर दुपारीं ऊन असूनही घरांत पंखा फिरत नाहीं, आणि तेवढ्या वेळचें उत्पन्नही बुडतें. ज्या गांवीं दिवसा वीज वारंवार जाते, तेथें वरील ४ युनिटांचा अंदाज कमी करून धरावा. अंधारांत उजेड हवा असेल तर बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो खर्च निराळा.

जागेचें म्हणाल तर एका किलोवॅटास सुमारें १०० चौरस फूट, सांवली न पडणारें छप्पर लागतें. तोंड दक्षिणेस व उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका असावा. कडुनिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची थोडी सांवलीही उत्पन्न बरेंच घटविते. पत्र्याच्या छपरास लोखंडी सांगाडा वाऱ्यास टिकेल असा कैचीस जखडावा. मळणीच्या दिवसांत धूळ व भूस बसतें. तें सकाळीं पॅनेल थंड असतांना धुवावें. विंधनविहिरीचें क्षारयुक्त पाणी वाळूं दिल्यास कांचेवर पांढरे डाग धरतात, यासाठीं तें लागलींच पुसून घ्यावें.

ही योजना घरगुती जोडणीसाठींच आहे. मळ्यांतील वस्तीवर पंपाच्या जोडणीवरच घर चालत असेल, तर प्रथम घरासाठीं स्वतंत्र मीटर घ्यावा लागेल. सौर कृषिपंपाचें साह्य वेगळें. तें २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेखालीं सुरू झालें, व त्याचा अर्जही वेगळा असतो. पुष्कळ घरांत वीजबिल अजून दिवंगत आजोबांच्या नांवें येतें. अर्जदाराचें नांव व बिलावरील नांव जुळत नसल्यास अर्ज अडतो. वारसांपैकीं एकाच्या नांवें जोडणी करून घेण्याचें काम अर्जापूर्वीं उरकावें. विक्रेत्याशीं करार करतांना पांच वर्षांच्या देखभालीची अट, जी योजनेनेंच त्याच्यावर घातली आहे, ती कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी.