वृत्तपत्राचे कात्रण आणि विद्यार्थ्याची लेखणी

आपल्या वसतिगृहात वर्तमानपत्र सकाळी येते आणि सायंकाळी रद्दीत जाते. या मधल्या वेळात त्याचा लेखनाच्या तासाला काय उपयोग होतो, हा अनुभव या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवीत आहोत.

'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला की चाळीस वह्यांत एकच पाऊस पडतो. कारण तो गाईडातून उतरलेला असतो. म्हणून आम्ही रविवारच्या पुरवणीतील एखादा लेख वर्गात वाचू लागलो. वाचनानंतर फळ्यावर तीन प्रश्न लिहितो : लेखात कोण बोलले? कोणाविषयी बोलले? आणि कोणाला विचारलेच नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाच निबंधाचा विषय.

एकदा ऊसतोडीवरील लेख वाचला. त्यात उचल, कोयता, मुकादम, कारखाना सारे होते. आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, यात आम्ही कुठे आहोत?" आईवडील फडावर गेल्यावर वसतिगृहात राहणाऱ्या मुलांविषयी त्यात एक ओळही नव्हती. तिने दीड पान लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु एकही वाक्य उसने नव्हते. त्या दिवशी आम्ही लाल शाई बाजूस ठेवली. चुका दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी तिच्याशेजारी बसून दुरुस्त केल्या. लेख भित्तिपत्रकावर लावण्यापूर्वी तिची संमती घेतली. नाव नको, असे ती म्हणाली; ते आम्ही मान्य केले. मुलांचे दुःख हे प्रदर्शनाची वस्तू नव्हे, हे शिक्षकाने विसरता कामा नये.

इतिहासाचे अध्यापक म्हणून ही वाट आम्हांस नवी वाटत नाही. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेतील तो निबंध आज इतिहासाचे अस्सल साधन ठरला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्यासाठीच ते होते. आमचा तिसरा प्रश्न तेथूनच घेतलेला आहे.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे : या आणि स्वतः पाहा. लेखनाचा पहिला धडाही हाच. विद्यार्थ्याने वर्तमानपत्र वाचावे, त्यात आपली रिकामी जागा पाहावी आणि ती आपल्या हाताने भरावी.