गेलेला दम परत मिळतो

चि. बाळ,

काल सूनबाईकडून तुझ्या रक्ततपासणीचा अहवाल कळला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तीन महिन्यांतील साखरेचे सरासरी मान सांगणारा तो आकडा ६.३ आला, ६.५ ला मधुमेहाचा शिक्का बसतो, म्हणजे तू अगदी उंबरठ्यावर उभा आहेस. परंतु त्या आकड्याहून अधिक भय वाटले ते तिने सहज सांगितलेल्या गोष्टीचे, की दुसऱ्या मजल्यावर येताना जिन्याच्या वळणावर तू कठडा धरून थांबतोस आणि ‘वय झाले’ म्हणतोस.

बाळ, बासष्टाव्या वर्षी हे बोलणे तुला शोभत नाही. सेवानिवृत्तीची वर्षे आरामखुर्चीत घालवायची आणि त्यांची तूट वयाच्या खाती मांडायची, हा कोणता हिशेब? जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते राबते असले म्हणजे इन्शुलिनच्या हुकमाची वाट न पाहताही साखर आत घेतात, आणि बसून राहिले की तो हुकूमही मानीनासे होतात. फुप्फुसांनी प्राणवायू घ्यावा, हृदयाने तो पोहोचवावा आणि स्नायूंनी खर्चावा, या कारभारालाच आपण दम म्हणतो. म्हणूनच जिन्यावरचे ते थांबणे मला अहवालापासून वेगळे काढता येत नाही.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती जेवढी घटली, तेवढी पुढील तीस वर्षांच्या वयोमानानेही घटली नाही. आणि पन्नाशीत सहा महिने व्यायाम करताच ती तीस वर्षांची घट भरून निघाली. तुझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांवर त्याच देशात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याला दीडशे मिनिटांची चाल आणि थोडे वजन उतरविणे एवढ्याने साठीपुढच्या मंडळींत मधुमेहाचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी झाले. तरुणांनाही एवढा लाभ झाला नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो, असे तू विचारशील. तुझे वडील पहाटे पर्वतीला निघताना माझ्या दारावर थाप मारीत, आणि रात्री उशिरापर्यंत कचेरीचे दप्तर पाहिल्याची सबब सांगून मी कूस बदलीत असे. पुढे दादांनी थाप मारणे सोडले. ते गेल्यावर मी चालू लागलो, तेव्हा सोबतीला कोणी नव्हते. आज एक्याऐंशीव्या वर्षी पर्वती चढतो, पण ती थाप अजून कानांत आहे.

लिहिता लिहिता कठोर झालो, मनास लावून घेऊ नकोस. चढताना दम का लागतो, हे आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घे, हृदयही दाखव. त्यांची परवानगी मिळाली की प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांपासून आरंभ कर. पुढे बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा चालीने अर्धा तास. मी महिनाभर तुझ्याकडे मुक्कामास येत आहे. त्या वळणावर तू थांबलास तर मीही तुझ्या शेजारी थांबेन, घाई कसलीच नाही. मात्र पहाटे दारावर थाप पडली की, बाळ, दार उघड.

तुझा,
काका