सेवेचा निरोप कसा घ्यावा?

१८९२ मध्ये म्हैसूर येथे स्वामी विवेकानंदांनी महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्यापुढे पाश्चात्त्य देशांत जाण्याचा विचार मांडला. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. डिसेंबर १८९६ मध्ये लंडन सोडण्यापूर्वी तेथील वेदान्त वर्ग त्यांनी गुरुबंधू स्वामी अभेदानंदांकडे सोपवले. मायदेशी परतल्यावर, १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना केली.

साधकहो, परदेशातील तुमची सेवा संपत आली असेल, तर ‘माझ्याशिवाय कसे होईल?’ हा विचार मनात येईल. तो अहंकाराचाच सूक्ष्म प्रकार आहे. मागे राहणाऱ्याला काम शिकवा, नोंदी लिहून द्या आणि त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या.

आज स्वतःला विचारा: मी उद्या निघालो, तर परवा केंद्राचे दार कोण उघडेल?