जुळ्यांची मेंढी विकणारा हे सांगत नाही

औषधाची बाटली पिशवीत टाकता टाकता तो माणूस म्हणाला, "ताई, भाऊ घरी नाहीत का? त्यांनाच नीट समजावून सांगितलं असतं." मोटारसायकलवर गावोगाव फिरून जनावरांना इंजेक्शनं टोचणारा हा गृहस्थ. मेंढी गव्हाणीवर येत नाही, कळपातून बाजूला उभी राहते, दात करकर खाते, चालताना अडखळते, हे सगळं मीच त्याला सांगत होते. त्याच्या कानात शिरलं ते फक्त 'खात नाही'. जंताचं औषध पाजलं, लिव्हर टॉनिक दिलं, पैसे घेतले आणि गेला. पोटाला हातसुद्धा लावला नाही. गाभण आहे, दिवस भरत आलेत, हेही मी दोनदा बोलले होते.

पण माझा खरा राग आहे तो मेंढी गळ्यात मारणाऱ्या दलालावर.

आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनाकडच्या गॅरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. काम मोलाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आता बाजारात कुणीही कुठलीही मेंढी 'जुळ्यांची' म्हणून चढ्या भावाने खपवतो. माझ्या मेंढीत ते रक्त होतं की नव्हतं, तो दलालच जाणे. कागद कसलाच नव्हता. वर जाताना सल्ला देऊन गेला, "शेवटच्या महिन्यात खुराक तोडा ताई, नाहीतर कोकरू पोटात मोठं होतं आणि अडतं." मेंढ्यांच्या धंद्यात केस पिकलेला माणूस. त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली होती आणि आमच्याकडे शहादा तालुक्यात नेमका अवकाळी पाऊस लागला. मेंढ्या बाहेर सोडता येईनात. वाड्यात दादर ज्वारीचा कडबा तेवढा होता. बाकीच्यांनी तो ओढला, हिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर कपाळ पत्र्याला टेकवून उभी. डोळ्यांपुढे हात हलवला, पापणी लवली नाही. डोळा उघडा, चकचकीत, आणि दिसत काहीच नाही. मुलगी तोंडाजवळ वाकली आणि म्हणाली, "आई, हिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतोय." संध्याकाळपर्यंत मेंढी बसली ती उठेना. शेजारचे नाना गुळाचं पाणी घेऊन आले. त्यांचा जीव तुटत होता, मी पाजू दिलं.

1962 या टोल फ्री नंबरवर फोन केला, मग सरकारी डॉक्टर आले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर दोन्ही नाकपुड्या थोडा वेळ दाबून धरल्या. मेंढीने चटकन लघवी केली. ही युक्ती मला ठाऊक नव्हती. त्यात त्यांनी पट्टी बुडवली. माणसांच्या मधुमेहात वापरतात तीच, औषधाच्या दुकानात मिळते. पट्टी बघता बघता जांभळी झाली. "किटोसिस. पोटात जुळी आहेत आणि मेंढी उपाशी आहे."

मी म्हटलं, साहेब, खुराक तोडायला सांगितला होता. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग समजावलं, आणि तेही माझ्याशीच बोलून. कोकराची साधारण सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. दोन कोकरं पोटात असली की पोटातली जागा तीच व्यापतात, चाऱ्याला जागा उरत नाही. त्यात नुसता कडबा दिला तर पोट भरतं, ताकद मिळत नाही. मग मेंढी अंगावरची चरबी जाळते, ती एकदम जळू लागली की यकृताला झेपत नाही, रक्तात किटोन साठतात आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. लठ्ठ मेंढीला उपाशी ठेवलं तर धोका आणखी जास्त. म्हणजे दलालाचा सल्ला नेमका उलटा होता.

गूळ पाजणंही त्यांनी थांबवलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गूळ आंबतो, त्याची साखर रक्तात पोचत नाही. जास्त झाला तर आम्लता वाढून दुसरंच दुखणं मागे लागतं. शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, कॅल्शियम दिलं. कॅल्शियमच कमी असतं तर मेंढी थोड्याच वेळात उठली असती. ती उठली नाही.

त्यानंतरची शुश्रूषा माझ्याकडे. प्रॉपिलीन ग्लायकॉल सकाळ-संध्याकाळ साठ-साठ मिली. मान फार उंच करायची नाही, गालाच्या कडेने थोडं थोडं सोडायचं. औषध फुप्फुसात गेलं तर रोग परवडला. मात्रा डॉक्टरांना विचारूनच, जास्त झालं तर तेही बाधतं. दर काही तासांनी कूस बदलायची, छातीवर बसती राहावी म्हणून दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावायची, खाली गोणपाट कोरडं ठेवायचं. बोरीचा आणि सुबाभळीचा पाला हातात धरून तोंडाशी न्यायचा. पहिलं पान तिने ओठात धरून तसंच ठेवलं होतं, चावायचं विसरल्यासारखं. मी हनुवटीखाली खाजवलं तेव्हा जबडा हलला.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन लवकर व्यायला लावता येईल, पण फळल्याची पक्की तारीख हवी. दिवस भरत आलेले नसतील तर कोकरं जगत नाहीत. मी दलालाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, त्याने कट केला. नवऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा उचलला, आणि म्हणाला, "यात्रेत आहे, नंतर बोलू." शेवटी डॉक्टरांनी कास आणि पोट चाचपून अंदाजाने निर्णय घेतला. एक कोकरू मेलेलं आलं, एक जगलं. मेंढी वाचली.

तेव्हा गाभण मेंढी घेणाऱ्यांनी फळल्याची तारीख लिहून घ्या. शेवटचे सहा आठवडे मक्याचा भरडा आणि थोडी ढेप हळूहळू वाढवत पाव किलोपर्यंत न्या, दोन वेळा वाटून. पावसामुळे चराई बंद पडली तर त्या दिवशी खुराक चुकवायचा नाहीच. लोकरीवर भरवसा ठेवू नका, हात आत घालून पाठीचं हाड चाचपा. लोकरीखाली सापळा लपतो. जुळी आहेत का ते सोनोग्राफीत कळतं, सोय नसेल तर आहेतच असं धरून चाला. आणि कळपात गव्हाणीवर धावून न येणारी गाभण मेंढी दिसली तर उद्यावर ढकलू नका. घरातल्या बाईने सांगितलं म्हणून तर मुळीच ढकलू नका.

सौद्यातली थोडी रक्कम विण्यापर्यंत हातात ठेवा. मी ठेवली होती. आता दलाल स्वतःहून फोन करतो, राहिलेले पैसे मागतो. मी त्याच्याकडे फळल्याची तारीख मागते.